यंदा गाडी मुकी आली

माझे वडील इंजिनाचा आवाज ऐकून त्याचा आजार सांगत. गोंदियाच्या राइस मिलमध्ये त्यांची सगळी नोकरी मिस्त्री म्हणून गेली आणि त्यांचं मुख्य हत्यार होतं सागाची एक काठी. काठीचं एक टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाला. मग हात वर करायचा. हात वर झाला की मिलचे हमाल, मुनीम, शेठ, कोणीही बोलायचं नाही. एकदा त्या वेळी शेठला शिंक आली, तर बाबांनी काठी खाली ठेवली आणि "आता पुन्हा पहिल्यापासून" असं अशा चेहऱ्याने म्हटलं, की शेठनेच माफी मागितली. पुढे मी झाडीपट्टीच्या नाटकांत कामं केली, मोठमोठे राजे आणि खलनायक जवळून पाहिले, पण एक हात वर करून एवढी शांतता मिळवणारा नट मला भेटला नाही.

निवृत्त होताना बाबांनी शेठची जुनी पेट्रोल मोटार घेतली. पांढरी, गोल पाठीची, आत बसलं की सोफ्यावर बसल्यासारखं वाटणारी. आमच्या फुलचूरच्या घराला अंगण छोटं आणि गाडी मोठी, त्यामुळे वाळवण कायम गाडीच्या टपावर असायचं. बाबांनी गाडी कुठल्याही गॅरेजमध्ये नेली नाही. तिचा करंट ते स्वतः बांधत.

करंट बांधणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पिस्टन वर येतो, पेट्रोलची वाफ दाबतो, आणि तो अगदी वर पोहोचण्याच्या जरा आधी प्लगने ठिणगी टाकायची असते. उशीर झाला तर गाडीत जोर राहत नाही. फार लवकर टाकली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावरच स्फोट होतो आणि चढावर इंजिन आतून कडकड वाजू लागतं. हे वाजणं वर्षानुवर्षं चालू दिलं तर पिस्टन फुटतो. आता हा क्षण नेमका करायला दिव्याचं यंत्र मिळतं. पण बाबा जुन्या पद्धतीचे. ते डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगांना करंट वाटणारा भाग, हाताने थोडा फिरवून ठिणगी पुढे घेत, गाडी उड्डाणपुलाच्या चढावर नेत आणि कान लावत. कडकड ऐकू आली की खाली येऊन केसभर मागे. ऐकू आली नाही की आणखी थोडी पुढे. चढ हाच त्यांचा काटा होता. या चाचणीच्या वेळी आई बाजाराची पिशवी घेऊन शेजारी बसलेली असे. भाजी आणायला आपण गाडीतून जातो हे शेजारणींना दिसावं म्हणून ती येते, असं आम्ही म्हणायचो, आणि ती ते नाकारत नसे.

आता माझ्या आत्याबद्दल. ती बाबांहून मोठी, बाबा तिला बाई म्हणतात. तिचं सासर चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या एका गावात. धानाची शेती, आणि घर असं की तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, उतरणारा रस्ता थेट तिच्या ओसरीसमोर येतो. दर भाऊबीजेला बाबा त्या मोटारीतून तिच्याकडे जात. त्याच दिवशी गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरलेली असते, दंडारीच्या नाचाचे ढोल वाजत असतात, पाहुण्यांना रस्ता सापडत नाही, पण आत्या बसल्या जागेवरून सुनेला सांगे, "दिवा लाव, माहा भाऊ पाळीवर चढला." बाबा अंगणात उतरायचे आणि समोर ताट तयार. गेली काही वर्षं तिचे डोळे जवळजवळ गेलेच होते, तरी दिवा कधी चुकला नाही.

गेल्या दिवाळीआधी तिच्या सुनेचा फोन आला. आत्या आता खाटेवरून फारशी उठत नाही, जेवण तुटलं आहे, आणि रोज विचारते, भाऊबीज किती दूर आहे. बाबांनी फोन माझ्याकडून समजून घेतला आणि लगेच उठून गाडीचं झाकण उघडलं.

गाडीची दशा वाईट होती. गरम झाली की स्टार्टर उलटा लाथ मारल्यासारखा अडकायचा. सपाट रस्त्यावर बरी, पण चढ लागला की दम तुटायचा, इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे जायचा. बाबा रोज सकाळी डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवत, काठी कानाला लावत, मान हलवत. संध्याकाळी पुन्हा. मी म्हटलं, बाबा, आपण दुसरी गाडी करू, नाहीतर माझ्या छोट्या गाडीतून जाऊ. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्याला ओवाळायला दुसरा भाऊ पाठवू म्हटलं असावं.

"बाई माह्या गाडीची वाट पाहून राहिली," ते म्हणाले. "तुह्या डब्याची नाई."

त्यांचे कान अधू झालेत ही शंका मला आधीच आली होती. घरात टीव्ही मोठ्याने चालतो, हे सगळ्याच घरांत असतं. पण मला ते नाटकात कळलं. बाबा माझ्या प्रत्येक प्रयोगाला पुढच्या रांगेत बसतात आणि सगळ्यात आधी हसतात. त्यांचं हसू ऐकून मागचे लोक हसायचे. गेल्या हंगामात मी रंगमंचावरून पाहिलं, ते शेजाऱ्यांकडे बघून हसत होते. शेजारी हसला की पाठोपाठ ते. संवाद त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. मी त्या दिवशी पुढचे संवाद जरा मोठ्याने घेतले आणि सोबतच्या नटाने विंगेत विचारलं, भांडायला उभी होतीस का.

तर भाऊबीज तोंडावर आली आणि मी बाबांना कसंबसं त्यांच्या जुन्या चेल्याच्या गॅरेजमध्ये नेलं. कधीकाळी मिलमध्ये बाबांच्या हाताखाली पाना धरणारा हा माणूस आता स्वतः पिकल्या मिशांचा झाला आहे. गोंदियातल्या अर्ध्या लोकांसारखा तो हिंदीतच बोलतो आणि बाबांना उस्ताद म्हणतो. बाबांनी आत शिरतानाच अट घातली की करंटला हात लावायचा नाही, ते काम त्यांचं. फक्त बाकीचं पाहायचं.

चेल्याने बाबांना स्टिअरिंगवर बसवलं आणि इंजिन चालू ठेवायला सांगितलं. झाकण उघडं असल्याने बाबांना पुढचं काही दिसत नव्हतं. त्याने दिव्याचं यंत्र पहिल्या प्लगच्या वायरला लावलं. त्या यंत्राचा दिवा ठिणगीच्या तालावर लुकलुकतो आणि फिरणाऱ्या पुलीवरची खूण थांबल्यासारखी दिसते. खूण ठरलेल्या रेषांमध्ये दिसली पाहिजे. मी वाकून पाहिलं. खूण रेषांच्या आसपासही नव्हती. ती इतकी पुढे गेली होती की चेल्याने दिवा दोनदा काढून पुन्हा लावला.

मग त्याने झाकणाच्या बाजूने हात काढून बाबांना इंजिन वाढवायची खूण केली. बाबांनी गिअर टाकला, हँडब्रेक ओढून ठेवला, क्लच जरासा सोडला आणि पाय दाबला. चढावर पडतो तसा भार इंजिनावर पडला. आणि ते वाजलं. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कोणी हलवावं तसं. शेडमधली बाकीची कामं थांबली. पलीकडे पंक्चर काढणारा माणूस उठून उभा राहिला.

बाबांनी खिडकीतून डोकं काढलं. चेहऱ्यावर समाधान.

"पाहा," ते म्हणाले, "लोण्यासारखं चालून राहिलं."

चेला पुलीकडे बघत राहिला. मीही. मिलमध्ये ते हात वर करत तेव्हा पसरायची तशीच शांतता होती ती, फक्त या वेळी ती त्यांनी मागितलेली नव्हती.

झालं होतं ते असं. कडकड हा बारीक, उंच आवाज. म्हातारपणी कानातून आधी तेच आवाज जातात. इंजिनाचा घुमारा त्यांना ऐकू येत होता, कडकड नाही. आणि त्यांची पद्धत तर अशी, की कडकड ऐकू आली नाही की ठिणगी आणखी पुढे घ्यायची. थांबा म्हणणारा एकच आवाज होता आणि तो त्यांच्यापुरता बंद झाला होता. म्हणून ते पुढे घेत गेले.

पण मग मुळात गाडीचा जोर का गेला होता? चेल्याने इंजिन बंद केलं, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं आणि मला आतल्या रोटरवर नजर ठेवायला सांगितलं. स्वतः पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. रोटर फिरला. मग त्याने पाना उलट्या दिशेने ओढला. पुली फिरत होती, रोटर जागेवर. पुली आणखी फिरली. मग कुठे रोटर हलला.

"देखा दीदी?" तो हळूच म्हणाला. "चेन ढीली है।"

इंजिनाच्या आत एक साखळी असते. वाफ आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी दारं, म्हणजे वॉल्व्ह, उघडमिट करणारा दांडा तीच फिरवते आणि डिस्ट्रिब्यूटरही त्याच दांड्यावर चालतो. साखळी सैल झाली की वॉल्व्ह उशिरा उघडतात, उशिरा मिटतात, ठिणगीही मागे पडते. पाटाचं दार पाणी हवं तेव्हा उघडलं नाही, तर बांधीत, म्हणजे खाचरात, उभा धानही सुकतो, तसंच. म्हणजे बाबांना जोर कमी झाल्याचं जे जाणवलं होतं ते खरं होतं. त्यांनी पहिल्यांदा ठिणगी पुढे घेतली तीही बरोबर होती. हाताला कळलं होतं, पायाला कळलं होतं. फक्त कानाने त्यांना थांबवलं नाही.

चेल्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग तो बाबांच्या खिडकीशी गेला आणि कानाजवळ ओरडला, "उस्ताद, चेन ढीली है। बाकी सब ठीक।"

"मले वाटलंच," बाबा म्हणाले.

आमचा कट असा ठरला, न बोलता. त्याने नवी साखळी टाकली, तिच्या दोन्ही दातेरी चाकांवरच्या खुणा समोरासमोर आणून बसवली. बाबा शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक बोल्टला सूचना देत होते. मग करंट बांधायची वेळ आली. बाबा उठले, काठी घेतली, हात वर केला. सगळे गप्प झाले. त्यांनी डिस्ट्रिब्यूटर फिरवला, काठी कानाला लावली, पुन्हा फिरवला, डोळे मिटले. मला रडू आवरेना, म्हणून मी नाटकातल्यासारखा पदर तोंडाला लावून धुराचा बहाणा केला. "झालं," बाबा म्हणाले. चेला म्हणाला, बोल्ट मी कसतो, तुम्ही हात धुवा. बाबा नळाकडे वळल्याबरोबर त्याने दिवा लावला, डिस्ट्रिब्यूटर मागे आणला, खूण रेषेवर बसवली आणि बोल्ट आवळला. बाबा परत आले तेव्हा तो निरागसपणे पाना पुसत होता. आमच्या मंडळीत त्याला कुठलीही भूमिका मिळाली असती.

भाऊबीजेला सकाळी निघालो. गाडी बाबाच चालवणार, यावर बोलणंच नव्हतं. मी डाव्या सीटवर, आई होती तेव्हा ती बसायची त्या जागी. तिरोड्याच्या रस्त्याला मागून ट्रक हॉर्न देत येत होते आणि मी मान वळवून पाहायची, बाबांच्या दंडाला हात लावायची, ते गाडी कडेला घ्यायचे. "मले दिसून राहिला तो," असं प्रत्येक वेळी म्हणायचे. गाडी मात्र सुंदर चालत होती. दोन्ही बाजूंना लवकर पिकणारा हलका धान कापून पडला होता. बाबा खुशीत होते. मी मात्र एकच गोष्ट ठरवत होते: आज आत्याकडचं होऊ दे, मग फुलचूरला परतल्यावर किल्ली कशी मागायची ते बघू. खोटं कोणतं बोलायचं, तेही जवळपास तयार होतं. डोळ्यांवर घालायचं की पाठदुखीवर, एवढंच राहिलं होतं.

पाळीचा चढ आला. बाबांनी गिअर बदलला, पाय दाबला, आणि गाडी वर चढली, घुमारा तेवढा, बाकी काही नाही. तलाव उजव्या हाताला पसरला होता. मंडईचे ढोल लांबून येत होते. उतरून आम्ही थेट आत्याच्या अंगणात थांबलो.

ओसरीवर ताट नव्हतं. दिवा नव्हता. आत्या खाटेवर उशीला टेकून बसली होती, चेहरा रस्त्याकडे. सून आतून धावत आली आणि आम्हाला पाहून गोंधळली.

"कोण होय वो?" आत्याने विचारलं.

बाबा पायऱ्या चढून तिच्या पाया पडले. तिने चाचपडत त्यांचा चेहरा धरला, गालावरून हात फिरवला, कानाला लागला तेव्हा ओळख पटली.

"बाबू? मंग कोणाच्या गाडीनं आला तू?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते हल्ली असंच करत, कोणी बोललं की माझ्या तोंडाकडे बघत, आणि मी ते मोठ्याने पुन्हा सांगायची. सांगितलं. "माह्याच गाडीनं," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या कायले येईन?"

"नाई," आत्या म्हणाली. "तुही गाडी पाळीवर वाजते. लाह्या फुटल्यासारखी वाजते. म्या त्याच आवाजानं सुनेले दिवा लावाले सांगतो. यंदा मुकी आली. मले वाटलं, कोणी मंडईचं पाहुणं होय."

बाबा पुन्हा माझ्याकडे बघू लागले.

नाटकात सोबतचा नट संवाद विसरला की मी त्याच्या जागी काहीही रचून दिलं आहे. मेलेल्या पात्राला एकदा मी काशीला पाठवलं होतं. इथे तर साधी गोष्ट होती. आत्या म्हणते प्रवास बरा झाला का. एवढं म्हटलं असतं की झालं. आत्याला दिसत नव्हतं, त्यांना ऐकू येत नव्हतं. दोघांच्या मध्ये मी एकटी होते आणि कोणाला कळलं नसतं. पण बाबा माझ्या ओठांकडे ज्या विश्वासाने बघत होते, तसं ते कधीकाळी फक्त इंजिनाकडे बघायचे.

मी त्यांच्या कानाशी गेले आणि आत्या जे बोलली ते तसंच्या तसं सांगितलं. लाह्यांसकट.

बाबांनी वळून अंगणातल्या गाडीकडे पाहिलं.

"कधीपासून वाजते म्हणा?" त्यांनी विचारलं. प्रश्न मला होता की आत्याला, समजलं नाही. आत्यानेच उत्तर दिलं.

"वहिनी गेली, त्याच्या पुढच्या भाऊबीजेपासून. आधी नाई वाजे."

तेही मी सांगितलं. बाबा खाटेच्या काठावर बसले. सुनेने दिवा लावून ताट आणलं, आत्याचा हात धरून त्यांच्या कपाळापर्यंत नेला, टिळा थोडा भुवईवर लागला. ओवाळताना आत्याला ताट पेलेना, म्हणून बाबांनीच खालून ताट धरलं. बहिणीला ओवाळू देताना स्वतःच ताट तोलणारा भाऊ मी पहिल्यांदा पाहिला. करंजी खाल्ली. आत्यानेही अर्धी खाल्ली आणि सून माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाली, पाहा, आज खाल्लं.

मग बाबा बोलले, माझ्याकडे न बघता.

"तुही आई शेजारी बसली राहे ना, तं पुलाच्या चढावर माह्या गुडघ्यावर टिचकी मारे. मी पाय उचलो. मले वाटे, तिले भेव लागते, हळू चालवा म्हणते. घरी येऊन मी करंट थोडा मागं घेवो, तिचं भेव कमी व्हावं म्हणून." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "तिले भेव नोतं लागत."

आत्याने विचारलं, काय म्हणतो तो. मी सांगितलं. आत्या म्हणाली, "तुमच्या घरी कान एकच होता, आन् तो तिचा होता." हे मात्र मी बाबांना सांगितलं नाही. ते त्यांना आधीच कळलं होतं.

दुपारी निघताना आत्याने बाबांचा हात सोडला नाही. पुढच्या वर्षी वाजवत ये, म्हणजे कळेल, असं म्हणाली. बाबांनी ते माझ्याकडून समजून घेतलं आणि म्हणाले, वाजवली तर इंजिन फुटेल बाई, पाळीवर येऊन हॉर्न देतो. किती वेळा, तिने विचारलं. तू दिवा लावेपर्यंत, ते म्हणाले. आत्या हसली, खोकली, पुन्हा हसली.

अंगणात बाबा गाडीला वळसा घालून गेले. मी डाव्या दारापाशी उभी होते. त्यांनी मला हाताने बाजूला केलं, डावं दार उघडलं आणि आईच्या जागेवर बसले. किल्ली माझ्या हातात दिली. माझं तयार ठेवलेलं खोटं तसंच राहिलं, डोळ्यांचंही आणि पाठीचंही.

गाडी मोठी, स्टिअरिंग जड, आणि बाजूला उस्ताद. मी घाबरत क्लच सोडला. आत्या ओसरीवरून कान देत होती. पाळीच्या चढाला मी जरा जास्तच जोराने पाय दाबला, वर पोहोचण्याच्या घाईत. इंजिन स्वच्छ घुमत होतं. बाबा समोर बघत होते. मग त्यांचा हात आला आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर एक टिचकी मारली.

गाडी वाजत नव्हती. तरी मी पाय उचलला.